हप्ता अडलाय? आधी तीन नोंदी बघा

केंद्राच्या पीएम किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता आला नाही की माणूस आधी बँकेत जातो, तिथून तलाठ्याकडे, मग तालुका कृषी कार्यालयात. भोर-वेल्ह्याच्या आतल्या गावातून अशा तीन चकरा म्हणजे तीन रोज बुडाले. त्याआधी मोबाईलवर पाच मिनिटं घालवा. योजनेच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाकायचा. तो हरवला असेल तर तिथेच आधार किंवा मोबाईल नंबरवरून सापडतो. ओटीपी दिला की लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली आहे का), ई-केवायसी (ओळख पटलेली आहे का) आणि आधार-बँक सीडिंग (आधारला बँक जोडलेली आहे का) अशा तीन नोंदी दिसतात. जिथे ‘नो’, म्हणजे ‘नाही’, दिसेल, तेवढंच दार वाजवायचं.

ई-केवायसी सोपी. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर होते, नाहीतर सीएससी (सामायिक सुविधा) केंद्रात अंगठा. खुरपं धरून बोटं घासलेली असली की ठसा लागत नाही, तेव्हा योजनेच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून काम होतं.

बँकेचा घोळ जास्त फसवा. काउंटरवर सांगतात, ‘आधार लिंक आहे की.’ असेलही. पण पैसे आधारवर येतात आणि बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, शेवटी जोडलेली. मधे कुणाच्या सांगण्यावरून पेमेंट बँकेत खातं उघडलं असेल तर हप्ता तिकडे जाऊन पडतो आणि इथे पासबुक कोरंच. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव कळतं. बदलायचं असेल तर अर्जात ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग’ असंच लिहा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). नुसतं ‘आधार लिंक’ लिहिलंत तर केवायसी करून वाटेला लावतात.

खरं किचकट ते जमिनीचं. सातबारावर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर. जमिनीच्या सामाईक खात्यात बहिणींची नावं माहेरची, आधार सासरच्या नावाचं. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो, आणि तो काढताना हीच नावं जुळत नाहीत. हस्तलिखित उताऱ्यावर नाव बरोबर असून संगणकावर चुकलं असेल, तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सोबत जुना उतारा आणि त्या फेरफाराची (मालकीबदलाच्या नोंदीची) नक्कल हवीच. आधारवरचं नाव घाईने बदलू नका, ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि शिरूरला चार एकर, हवेलीत वीस गुंठे असं असेल तर आयडीत दोन्ही गावांचे गट जोडा. बरेच जण एकच गाव टाकून मोकळे होतात.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हप्ता नाही. खातेदार वारल्यावर वारसाने आली तर मिळतो. वडील हयात असताना बक्षीसपत्राने नावावर झालेली जमीन घरच्यांना वारसाचीच वाटते, पण फेरफारावर तसं लिहिलेलं नसतं, म्हणून त्या तारखेनंतर झाली असेल तर हप्ता अडतो. नवराबायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब धरतात, म्हणजे हप्ता एकालाच, हेही आलंच.

राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे वर्षाचे सहा हजार पीएम किसानच्याच यादीवरून जातात. ते त्याच दिवशी येतीलच असं नाही, आणि त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. कुणी तो भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.