रात्रभर एकही जाहिरात नाही

१० ऑगस्ट २०२०, सोमवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स शहरावर वादळ आलं. इकडे त्याला डेरेचो म्हणतात. ते गरगरत नाही, सरळ रेषेत शेकडो मैल झोडपत जातं. आमच्याकडे वारा ताशी १४० मैलांपर्यंत गेला असावा, असा हवामान खात्याचा नंतरचा अंदाज. मी तेव्हा इथल्या एका छोट्या खासगी एएम टॉक स्टेशनचा ट्रान्समीटर सांभाळत होतो.

एएमचा अख्खा मनोराच ॲन्टेना असतो. इन्सुलेटरवर उभा, भोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या. तो पडला की सगळं संपलं. आडव्या झालेल्या मक्यातून वाट काढत मनोऱ्यापाशी पोचलो, तर पठ्ठ्या उभा! वीज अर्थातच नव्हती. जनरेटर धडधडत होता. डिझेल मोजलं आणि तिथेच मुक्काम ठोकला.

स्टुडिओत निवेदकाने उपग्रहावरून येणारा राजकीय कार्यक्रम मध्येच तोडून फोन घ्यायला सुरुवात केली होती. निवडणुकीचं वर्ष, एरवी फोनवर नुसती भांडणं. त्या दिवशी कुणी पक्षाचं नावही काढलं नाही. बर्फ कुठे मिळतोय, कुठला पंप चालू आहे, कुठला रस्ता झाडांनी अडलाय, एवढंच. मोबाइलला रेंज मिळेल तिथे उभं राहून लोक बोलत होते आणि ऐकणारे गाडीतल्या रेडिओवर. मध्येच एक आवाज ओळखीचा वाटला. कॉलिन्स या विमानांची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करणारा आमचा शेजारी, पक्का सातारकर, इंग्रजीत विचारत होता की बायकोचं इन्सुलिन थंड कुठे ठेवू. थोड्याच वेळात एका बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे जनरेटर होता, फ्रिज चालू होता. एरवी हा गडी एएमला ‘म्हाताऱ्यांचा रेडिओ’ म्हणून हिणवायचा.

खरा पेच सूर्यास्ताला आला. दिवसा वातावरणाचा एक थर एएमच्या लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, शोषून घेतो. रात्री तो विरतो, लहरी वरून परतून शेकडो मैलांवर उतरतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या दुसऱ्या स्टेशनांत घुसतात. म्हणून आमच्यासारख्या स्टेशनांना अंधार पडला की प्रसारणाची ताकद उतरवावी लागते. आमची तर इतकी उतरायची, की गावाबाहेरच्या शेतांवर नुसती खरखर. आणि अंधारात अडकलेले लोक नेमके तिकडेच.

एफसीसी, म्हणजे अमेरिकेतली रेडिओवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमात मात्र एक वाट आहे. जीवितवित्ताचा धोका असेल तर दिवसाची ताकद रात्रीही वापरता येते, फक्त त्या वेळात जाहिराती वाजवायच्या नाहीत. आमचं पोट जाहिरातींवर. मॅनेजरबाईंना लँडलाइनवरून हे सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “राहू दे पूर्ण ताकद. एफसीसीला मी कळवते.”

रात्री उशिरा एका हार्डवेअरवाल्याचा फोन थेट प्रसारणात आला. आमचा जुना जाहिरातदार. दुकान उघडं आहे, झाडं कापायच्या चेनसॉचं तेल आहे, रोखीनेच मिळेल, असं त्याने पत्त्यासकट सांगून टाकलं. निवेदक गडबडला. ब्रेक नसल्यामुळे गाणं लावून त्याने मला विचारलं, “ही जाहिरात झाली का रे?”

मी म्हटलं, “पैसे घेतलेस का?”

“नाही.”

“मग पत्ता पुन्हा एकदा सांग.”