हप्ता, वार आणि पगार

आज दुपारी उपकेंद्रात बाळंतपण होतं. दुसरी खेप, त्यामुळे बाईला दम नव्हता आणि मलाही. बाळाचे ठोके मोजत होते तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बाळ आईच्या छातीवर दिलं, नाळेचे ठोके थांबल्यावर चिमटे लावून कापली, वार पूर्ण पडली का ते उलटून-पालटून पाहिलं, हात धुतले आणि मग मेसेज उघडला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बाउन्स. वर दंड वेगळा.

कंत्राटी माणसाचा पगार कधी होईल ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. बँकेची तारीख मात्र इकडची तिकडे होत नाही.

अमेरिकेत नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर नावाची सरकारी योजना आहे. जिथं डॉक्टर-नर्स टिकत नाहीत अशा भागात सुरुवातीला दोन वर्षं सेवा द्यायची, बदल्यात सरकार शिक्षणाच्या कर्जाचा मोठा वाटा फेडतं. त्यात नर्स-मिडवाइफसुद्धा बसतात. आपल्याकडे काय, तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकराची सवलत, तीही जुन्या करप्रणालीत. अहो, माझ्या पगाराला आयकरच लागत नाही, सवलत घेऊन काय चाटू?

किनवटच्या डोंगरात कुणी यायला तयार नाही म्हणून मीटिंगमध्ये लई हळहळ चालते. येणारीचे हप्ते भरून तर बघा!

उद्या बँकेत जायचंय. साहेब विचारतील, "सिस्टर, पगार कधी होतो तुमचा?" त्यांना हीच पोस्ट दाखवते.