एका पॅलेटचं वजन

अमेरिकेत, आयोवातल्या वॉलकॉटला, आयोवा 80 ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर मी गाडी घातली तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. तिकीट हातात आलं. स्टीअर म्हणजे पुढची चाकं 13,180, ड्राइव्ह म्हणजे ट्रकची मागची चाकं 35,260, ट्रेलरची चाकं 33,260. बेरीज 81,700 पौंड. आंतरराज्य महामार्गावर मर्यादा 80,000 ची. पोटात गोळाच आला.

आम्ही नवरा-बायको मिळून ट्रक चालवतो. हे रात्री, मी दिवसा. इचलकरंजीत मी पतसंस्थेत हिशेब लिहायचे, तीच सवय इथे कामी येते. आमचा स्लीपर, म्हणजे सीटच्या मागची राहायची खोली, ऑर्डर देऊन बनवून घेतलेला, 132 इंची, म्हणजे अकरा फूट लांब. कंपनीतून येतो तो साधारण सहा-साडेसहा फुटांचा. आमच्यात पलंग, सिंक, इंडक्शन, शॉवर आणि संडास आहे. लोक आत डोकावून म्हणतात, मज्जा आहे तुमची! मजा आहेच, पण हे सगळं वजन आम्ही प्रत्येक फेरीत सोबत वाहतो. डिझेल आणि आम्ही दोघं धरून ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, 26,500 पौंड, रिकामा ट्रेलर 14,000. मालाला उरतात 39,500. हलका ट्रक त्याच रस्त्यावर 44-45 हजारांचा माल नेतो.

त्यामुळे लोड, म्हणजे न्यायचा माल, घेताना भाड्याच्या आधी मी वजन विचारते. त्या दिवशीही विचारलं होतं. माल मिळवून देणारा ब्रोकर म्हणाला 38,000, आणि रेट कन्फर्मेशनवर, म्हणजे भाडं ठरल्याच्या कागदावरही, तेच छापून आलं. पेनसिल्व्हेनियातलं ॲलनटाउन, नऊशेच्या आसपास मैल, 2,300 डॉलर. चांगलं भाडं होतं. चूक माझी एवढीच की भरून झाल्यावर डॉकवर, माल भरतात त्या धक्क्यावर, बिल ऑफ लेडिंग म्हणजे मालाची पावती घेतली आणि वजनाचा रकाना न वाचताच सही केली. 22 पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांवर रचलेले मालाचे 22 गठ्ठे, 41,200 पौंड.

काट्यावरून बाजूला घेऊन आधी डिझेलचा हिशेब केला. गॅलनला सुमारे सात पौंड. शंभर गॅलन जाळले तरी सातशेच कमी होणार, आणि जाळायचे तर आधी रस्त्यावर जायला हवं. टँडम, म्हणजे ट्रेलरची मागची चाकं, पुढे-मागे सरकवून चाकांवरचं वजन वाटून देता येतं, एकूण वजन कमी होत नाही. सतराशे पौंड खाली उतरवल्याशिवाय सुटका नव्हती.

ब्रोकरला फोन लावला. तो म्हणाला, "बाकीचे ट्रक पंचेचाळीस हजार नेतात, तुमचा ट्रकच जड आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "ट्रक जड आहे म्हणूनच मी वजन विचारलं होतं. तुमच्या कागदावर 38,000 लिहिलंय. एक पॅलेट उतरवा नाहीतर सगळा माल उतरवा." माझा आवाज चढला होता. मागे पलंगावर ह्यांची झोप मोडू नये म्हणून खाली उतरून बोलत होते.

ह्यांची झोप मोडून चालणार नव्हतं. रात्रभर चालवून सकाळी साडेआठला हे आत गेले होते. सलग दहा तास विश्रांती झाली की पुन्हा अकरा तास चालवता येतं, म्हणजे साडेसहानंतर गाडी ह्यांच्या हातात. माझा कामाचा चौदा तासांचा दिवस मात्र डॉकवर उभ्याउभ्या संपत होता. घड्याळ थांबत नाही, लोड हलो न हलो.

वीस मिनिटं परत मागे शिपरकडे, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे. आमचा व्हीलबेस, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लांब, त्या अंगणात गाडी वळवायला तीन वेळा पुढे-मागे करावी लागली. म्हणूनच न्यूयॉर्क शहराचे लोड आम्ही घेत नाही. माल घेणाऱ्याची एक पॅलेट कमी न्यायला परवानगी यायला तीन तास लागले. मग फोर्कलिफ्टने शेवटची पॅलेट काढली, मी टँडम पुढे सरकवला. सातला पुन्हा काट्यावर: 13,120, 33,720, 32,980. एकूण 79,820. एका पॅलेटने आम्हाला रस्त्यावर आणलं.

मधल्या वेळात पिठलं आणि भात करून ठेवला होता. हे उठले, शॉवर घेऊन जेवले, आणि सव्वासातला गाडी निघाली. साधा ट्रक असता तर आखूड बंकवर, म्हणजे छोट्या पलंगावर, फोर्कलिफ्टच्या धक्क्यांत ह्यांना झोप लागली असती का? माझे पाच तास वाया गेले, तरी लोड वेळेत पोचला, कारण दुसरा ड्रायव्हर खरोखर झोपलेला होता. जेवणात, मोटेलात वाचतं ते स्लीपरच्या हप्त्यात जातं, हे मी वहीत दोन वर्षं लिहून पाहिलंय. आमची कमाई लांब पल्ल्याच्या हलक्या मालात आहे, जिथे गाडी रात्रंदिवस चालली पाहिजे: चिप्स, इन्सुलेशन, रुग्णालयांची यंत्रं. बाकी लोड कितीही भाड्याचे असोत, सोडून देते.

ब्रोकरने वाया गेलेल्या वेळेचे 150 डॉलर देऊ केले. मी घेतले, आणि ते लेखी घेतले.

ले क्लेअरच्या पुलावरून मिसिसिपी ओलांडली तेव्हा मी आडवी झाले होते. झोपण्याआधी वहीत लाल शाईने लिहिलं: बिलावरचं वजन वाचल्याशिवाय सही नाही.