वाल्ह्याच्या वाटेवरचा फोड

दिवेघाट मी निभावला, आणि जेजुरीचे म्हणाल तर भंडाऱ्याने पिवळा झालेला सदरा तेवढा आठवतो. तिथून वाल्ह्याचा टप्पा लहान, पण त्याच दुपारी उजव्या टाचेचा फोड असा ठसठसू लागला की, दिंडी पुढे सोडून मला बाभळीखाली बसावे लागले. नोकरीचा राजीनामा देऊन, आता आयुष्य पालटायचे अशा हिशेबाने मी वारीला आलो होतो. आणि पाण्याच्या टँकरपाशी कुणाचा तरी पाय टाचेवर पडताच माझ्या तोंडून माउलींच्या नावाऐवजी शिवी निघाली.

“पाय इकडं करा, माउली.” दुसऱ्या दिंडीतला साठीचा एक माळकरी समोर बसला. त्याने काडीच्या जाळावर सुई धरली, फोडातून दोरा आरपार ओवला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून दोन्ही टोके बाहेर ठेवली. काम चालू असताना तो स्वतःविषयी सांगत होता. पहिली तीन वर्षे तो दिंडीच्या सामानाचा ट्रक भाड्याने घेऊन येत असे आणि रात्री ट्रकमागे बसून पीत असे. सोड, असे त्याला कुणीही म्हणाले नाही. मात्र एक म्हातारी रोज पहाटे, वारीच्या रीतीप्रमाणे, त्याच्याही पाया पडे, आणि तोंडाचा वास लपवत तो पाय मागे घेई. “देवासाठी नाही सोडली. पाय मागं घ्यायची लाज वाटायला लागली म्हणून सोडली.” त्यानंतर गळ्यात घातलेली माळ दोनदा उतरवावी लागली, हेही त्याने त्याच सुरात सांगितले.

संध्याकाळी वाल्ह्यात कीर्तन झाले. गाव वाल्या कोळ्याचे, त्यामुळे सात रांजण खडे आलेच. बायकोमुलांनी पापाचा वाटा नाकारला आणि पुढच्या दोन वाक्यांत वाल्याचा वाल्मीकी झाला. अंगावर वारूळ चढेपर्यंतच्या काळाविषयी बुवा काही बोलले नाहीत, आणि मला तर तेवढेच ऐकायचे होते. मी चिडून उठलो, लंगडत पालाकडे निघालो, आणि मागून टाळ वाजू लागताच नकळत थांबलो. कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

पहाटे तो माळकरी टाच बघायला आला. मी दोरा ओढायला हात घातला होता.

“एवढ्यात नको,” तो म्हणाला, “आतून सुकू द्या.”