बालू का घेराची एकसष्टी

काकांची एकसष्टी ट्रेकमध्येच येतेय, हे काकूंनी मला मनालीत हळूच सांगितलं आणि मी लगेच शब्द दिला, "काकू, केक माझ्याकडे."

ट्रेक लीडर म्हणून सह्याद्रीत मी हा केक कितीदा केलाय. पातेल्यात दोन बोटं पाणी, तळाशी फॉइलची चुंबळ, तिच्यावर मिश्रणाचा डबा. झाकणाला फडकं बांधायचं, म्हणजे वाफेचे थेंब केकवर पडत नाहीत. मैदा, पिठीसाखर, दूधपावडर, बेकिंग पावडर पुण्याहूनच मिसळून आणली होती.

हामटा पास या खिंडीच्या अलीकडे, बालू का घेरा या मुक्कामाच्या तळावर, सुमारे ३६०० मीटरवर, सगळं तसंच केलं. स्टोव्ह तंबूबाहेर, कारण आत कार्बन मोनॉक्साइड साठतो. यात मी कधीच सूट देत नाही. पंचवीस मिनिटांनी केक डब्याच्या काठापर्यंत आला होता. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर मधोमध खड्डा, सुरीला चिकट लगदा. त्यात गॅस मंदावला. कॅनिस्टर बर्फासारखा गार पडला होता. कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवल्यावर ज्योत सावरली, पण अर्ध्या तासाने बघते तर लगदा जसाच्या तसा.

काकू दोनदा डोकावून गेल्या. मला रडू येत होतं.

मग डोकं चालायला लागलं. या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. ज्योत कितीही वाढवली तरी वाफ त्याहून गरम होत नाही. हरिश्चंद्रगडावर ९५ मिळतात, तेवढ्यावर भागतं. आणि साखर जास्त असली की मैद्यातला स्टार्च शिजायला आणखी तापमान मागतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून फुगे भराभर मोठे झाले आणि केक धरायच्या आतच बसला. म्हणजे साखर आणि बेकिंग पावडर, दोन्ही कमी करायला हवी होती. पण ती तर आधीच मिसळलेली.

किचन तंबूत रवा होता. उरलेल्या मिश्रणात तेवढाच रवा घातला, पाणी वाढवलं, दहा मिनिटं भिजू दिलं. आता साखर आणि बेकिंग पावडर, दोन्हींचं प्रमाण निम्म्यावर आलं. डब्याऐवजी स्टीलच्या वाट्या घेतल्या, जेमतेम दोन बोटं भरलेल्या, म्हणजे मधला भागही शिजेल. पातेल्यात एका वेळी दोनच मावत होत्या.

अंधार पडता पडता सुरी कोरडी निघाली. काकूंनी वाटी ताटलीत उपडी केली आणि केक अख्खा सुटून आला, कडेला किंचित पिवळसर, वर वाफ. काकांनी एक वाटी सगळ्यांत वाटली. दुसरी रुमालात गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली.

"ही उद्या पासवर," ते म्हणाले.