पाकिटातली जकात

जुम्मा, रमजान. रात्री साडेअकरा.

आजच्या बयानाचा, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाचा, विषय सबर, धीर धरणं. मशीद आमच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली की सगळं ऐकू येतं. मौलानांनी हजरत अय्यूब यांची गोष्ट सांगितली. माल गेला, लेकरं गेली, अंगाला रोग लागला, तरी तोंडातून तक्रार नाही. मौलाना बोलतात छान. अम्मी तर डाळ निवडता निवडता रडत होती.

मी रडले नाही, मला प्रश्न पडला. अय्यूबांचं घर कुणी माणसानं आपल्या नावावर करून घेतलेलं नव्हतं. आजारपण, मरण, पंचगंगेचा पूर, यात सबर कळतो. अम्मीनं अब्बा गेल्यावर तोच धरला, म्हणून ती उभी राहिली. पण जे दुःख शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं दिलंय, त्याच्यापुढेही अय्यूबांचीच गोष्ट सांगायची?

हे डोक्यात आलं ते फुप्पूमुळे, म्हणजे अब्बांच्या बहिणीमुळे. ती काल आली होती. चाचांनी दर रमजानला द्यायचं ते पाकीट याही वर्षी दिलं. पांढरं पाकीट, वर पेनानं लिहिलेलं ‘जकात’, म्हणजे धर्मानं सांगितलेलं वर्षाचं दान. फुप्पूनं ते उघडलं नाही, पदराखालच्या बटव्यात सरकवलं आणि म्हणाली, “अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देऊ दे.” मनापासून म्हणाली. तिच्या तोंडी खोटं नसतं.

आता हिशेब. मी उद्यमनगरात एका कारखान्याची लिखापढी करते, त्यामुळे बेरीज चुकलेली दिसली की मला झोप येत नाही. दादांचं (म्हणजे आजोबांचं) घर, खाली रस्त्याला लागून दुकानगाळा. दादी आधीच गेलेल्या. मागे दोन मुलगे, एक मुलगी. कुराणातल्या सूरह निसा या अध्यायाप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे पाच वाटे, त्यातला एक फुप्पूचा. २० टक्के. हे कुठल्या कोर्टानं सांगितलेलं नाही, कुराणात लिहिलंय. आणि वाटण्या सांगून झाल्यावर पुढे असंही आहे की या अल्लाहच्या हद्दी आहेत, त्या ओलांडणाऱ्याला आग.

प्रत्यक्षात झालं ते असं. दादांच्या चाळिसाव्यानंतर फुप्पूला निबंधक कचेरीत नेलं, हक्कसोड पत्रावर सही, अंगठा आणि फोटो. प्रॉपर्टी कार्डावरून नाव गेलं. येताना तिला साडी घेतली. गाळ्याचं भाडं तेव्हापासून निम्मं चाचांना, निम्मं आमच्याकडे. होय, आमच्याकडेही. अब्बांचीही त्या कामाला संमती होती. चाचा त्याच भाड्यातून वर्षभर शिल्लक टाकतात, त्या शिलकीवर अडीच टक्के जकात काढतात, आणि त्यातला एक भाग फुप्पूला जातो. तिच्या २० टक्क्यांतून निघालेले अडीच टक्के, तेही इतरांबरोबर वाटून. वर दुआ तिनंच द्यायची.

मी एकदा तिला विचारलं होतं, सही का केलीस? ती म्हणाली, “माहेर तुटंल गं. कागद काय चाटायचाय? भाऊ दारात उभा ऱ्हायला पायजे.” मग तोच शब्द, सबर.

सूरह जारियातमध्ये आहे की नेक लोकांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो. उपकार असतो असं म्हटलेलं नाही. घेणाऱ्यानं मान खाली घालावी असंही नाही. मग पाकिटावर नाव लिहून चारचौघांत देण्याची ही पद्धत आपल्यात शिरली कुठून?

आणि हजरत याकूब, यूसुफचे वडील. मौलाना आज त्यांच्यावर आलेच नाहीत. मुलगे यूसुफचा सदरा रक्त लावून घेऊन येतात, लांडग्यानं खाल्लं म्हणून सांगतात. याकूब म्हणतात, हे तुमच्या मनानं रचलेलं आहे, आता सुंदर सबर. दोन्ही एकाच आयतीत, एकाच ओळीत. आधी तोंडावर सांगितलं की खोटं बोलताय, मग सबर. पुढे रडून रडून डोळे पांढरे झाले, तरी त्यांना कुणी बेसबर म्हटलं नाही. ही गोष्ट बयानात जास्त यायला हवी, असं माझं मत. (माझं मत विचारतंय कोण, म्हणून रोजनिशी.)

इमाम हुसैन यांचंही तसंच. खलीफा यजीदची बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली असती तर इसवी सन ६८० मध्ये करबलाची लढाई घडलीच नसती. आपल्या कोल्हापुरात मोहरमला पंजे बसतात, खत्तलरात्रीला अख्खं गाव जागं असतं, हिंदू घरांतले नवस असतात. गप्प न बसलेल्या माणसाची आठवण आपण इतक्या गाजावाजानं काढतो आणि घरात बायकांना गप्प बसायला शिकवतो.

बाहेरच्या जगाचंही लिहिते, नाहीतर वाटेल की सगळं खापर आपल्याच घरावर. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी जमाव गजापूरच्या मुसलमानवाडीत शिरला. मशीद, घरं, गाड्या फोडल्या. गडावरच्या वादाशी त्या घरांतल्या पिठाच्या डब्यांचा काय संबंध होता, मला अजून कळलेलं नाही. त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते. एकानं मला कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो त्याचा व्हिडिओ पाठवला. बसतो, खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या दिवशी मला गणपती नको होता. फुटलेल्या कौलांचा नीट पंचनामा, नुकसानीची पूर्ण भरपाई आणि फोडणाऱ्यांवर खटला, एवढं हवं होतं. सलोखा म्हणजेही कधी कधी फुप्पूच्या हातातलं पाकीट होतं.

सूरह निसातच आहे: वाईट गोष्ट उघड बोललेली अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झालाय त्याची गोष्ट वेगळी. त्याला मुभा आहे. आणि त्याच सूरहमध्ये थोडं आधी, १३५ वी आयत: न्यायावर ठाम उभे राहा, साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरोधात गेली तरी. गजापूरसाठी पहिली आयत म्हणायची तर घरासाठी दुसरी म्हणावी लागते. आम्ही पहिली पाठ केली.

दसरा चौकातनं रोज जाते. शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला बोर्डिंगा, त्यात आमचं मुस्लिम बोर्डिंग. १९०६ ला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा अध्यक्ष महाराज स्वतः. त्याच्याही आधी २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा: मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांना. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. म्हणजे माझे पणजोबा त्यात होते. कुणी मेहरबानी म्हणून दिलं नाही, गॅझेटात छापून दिलं. २०१४ मध्ये राज्यात मुसलमानांना ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला, हायकोर्टानं शिक्षणापुरता तो चालू ठेवला, नोकऱ्यांपुरता थांबवला, आणि पुढे कायदा न झाल्यानं सगळाच गेला. मुसलमानांच्या मागासलेपणावरचा सच्चर समितीचा २००६ चा अहवाल तर सगळ्यांच्या कपाटात आहे.

पण तो मुद्दा आम्ही मांडायचा आणि लग्न ठरवताना मात्र शिकलगार, नदाफ, बागवान, मुजावर अशा बिरादऱ्या मोजत बसायचं. नमाजेत खांद्याला खांदा, सोयरीक म्हटलं की पाहू, कळवतो. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकाविरुद्ध सात बायकांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, त्यांचं धर्माबद्दलचं म्हणणं मला पटत नाही, मी श्रद्धेनं रोजे धरते. पण त्या सात जणींना बाहेर यावं लागलं, हे ज्यांना लागायला हवं होतं त्यांना लागलं नाही.

असो. आज इफ्तारीनंतर माझी जकात काढली. गुजरीतून बोरमाळ वजन करून आणली होती. सराफानं आतली लाख वजा करून सोन्याचं वजन चिठ्ठीवर लिहून दिलं, कारण लाखेवर जकात नसते. आम्ही हनफी, माझी रत्नागिरीची जाऊ शाफई या दुसऱ्या पंथाची, तिच्याकडे अंगावरच्या दागिन्यावरही नाही, दरवर्षी ती मला चिडवते. सोन्याचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ८७.४८ ग्रॅम, चांदीचा ६१२.३६. बोरमाळ आणि बँकेतली शिल्लक एकत्र धरायची, मग चांदीचा निसाब लावायचा, म्हणजे माझ्यासारखीही देणाऱ्यांत येते. मला हे आवडतं.

मग वही अम्मीपुढे ठेवली. आपल्या निम्म्या भाड्यातला फुप्पूचा पाचवा हिस्सा, अब्बा गेल्यापासूनचा. अम्मीनं आकडा बघितला, चष्मा काढला, म्हणाली, “ते त्यांच्या वेळचं आहे.” मी म्हटलं, कर्ज असतं तर फेडलं असतंस ना. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली या महिन्यापासून सुरू करू, मागचं हप्त्यानं. जकात म्हणून नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजेनंतर, चाचांना फोन केला. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र आता फिरवता येईल का, माहीत नाही. पण आपलं आपण द्यायला कोण अडवतंय? हिबा करा, बक्षीस म्हणून द्या, म्हटलं. ते आधी हसले, मग म्हणाले, “ईद होऊ दे, वकिलाला विचारतो.”

“विचारा की. तोवर गाळ्याच्या भाडेकरूला सांगा, तिचा वाटा थेट तिच्या खात्यावर टाकायला.”

“तुला अकाउंटंट केलं ते चुकलंच,” म्हणाले आणि फोन ठेवला. फुप्पूचा खाते क्रमांक मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.