तुम्ही विचारलंत म्हणून: औलीला स्कीइंग शिकायला कधी जाऊ?

हिवाळा जवळ आला की पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक मला हे विचारतात. बहुतेकांच्या मनात नाताळची सुट्टी असते, कारण मुलांना शाळा नसते आणि रजाही मिळते. माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर जा, पण नाताळात नको, आणि बर्फ असेलच असं धरून तर अजिबात नको. पूर्वी असं सांगावं लागत नसे. आता का सांगते, ते लिहिते.

औली म्हणजे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या बरोबर वर, साधारण 2500 ते 3000 मीटर उंचीवरचा गवताळ उतार. कडेला देवदार, वर गोरसनचं बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, आणि समोर नंदादेवीचं शिखर. आल्प्समधल्या ठिकाणांपुढे हा उतार अगदी लहान आहे. इथे पहिल्यांदा स्कीइंग आलं ते सैनिकी गरजेतून. 1962 च्या युद्धानंतर उंचावरच्या सीमेसाठी बर्फात वावरू शकणारे जवान हवे होते, आणि 1973 मध्ये भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंगची संस्था औलीत उभी राहिली. पर्यटक त्यानंतर आले. गढवाल मंडल विकास निगमने 7 आणि 14 दिवसांचे वर्ग सुरू केले. नव्वदच्या दशकात जोशीमठहून सुमारे 4 किलोमीटरचा रोपवे आला. एका फेरीत तो हजार मीटर वर नेऊन सोडायचा. पुढे चेअरलिफ्टही आली. 2011 मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग इथेच झालं.

त्या भरात असलेल्या औलीत मी शिकले. पहिले दोन दिवस घसरायला मिळतच नाही. जड बूट घालून, स्की आडव्या ठेवून, खेकड्यासारखं उतार चढत राहायचं. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणून टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे वेग आवरतो, हे पायांत मुरेपर्यंत पडायचं आणि उठायचं. शिकवणारे जोशीमठ आणि आसपासच्या गावांतले तरुण. आम्ही त्यांना भैजी, म्हणजे दादा, म्हणायचो. पोटऱ्या भरून आलेल्या माणसाला ते इतक्या मायेने उभं करायचे की पुन्हा पडायची भीती वाटायची नाही. दोन-तीन महिन्यांच्या त्या कमाईवर त्यांची बरीच भिस्त होती. औलीबद्दल बोलताना मला आधी हे लोक आठवतात, नंदादेवी नंतर.

आता बर्फाचं. इथला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या ढगांमुळे. औलीच्या उंचीवर त्यातून हिम पडणार की पाऊस, हे एक-दोन अंशांवर ठरतं. हवा थोडी तापली की हिमरेषा वर सरकते आणि हा उतार तिच्या खाली राहतो. काश्मीरमधल्या गुलमर्गलाही अलीकडे बर्फाचा तुटवडा भासतो आहे. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा त्यामुळेच पुढे ढकलाव्या लागल्या. पण तिथला गोंडोला, म्हणजे केबल कार, जवळजवळ 4000 मीटरपर्यंत जातो. औलीची लिफ्ट संपते तिथे औलीची उंचीही संपते. 2018 ची आंतरराष्ट्रीय शर्यत बर्फाअभावी झाली नाही, 2023 ची राष्ट्रीय स्पर्धाही नाही.

यावर तोडगा म्हणून कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली, पाण्यासाठी वर तलाव बांधला. माझ्या मते तिथेच विचार चुकला. ही यंत्रं पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर उडवतात आणि ते खाली पडेपर्यंत गोठावे लागतात. त्यासाठी हवा कोरडी आणि शून्याखाली हवी. ज्या उबेमुळे खरा बर्फ पडत नाही, तीच ऊब खोटाही पडू देत नाही. तो पैसा भैजींना बारमाही काम देण्यात, ट्रेकच्या वाटा नीट राखण्यात घालायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग जोशीमठच खचलं. हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय, इथे जड बांधकामं नकोत, असं 1976 मध्येच सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने बजावलं होतं. तरी हॉटेलं चढत गेली, सांडपाणी जमिनीत मुरत राहिलं, खाली जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याचं काम चाललं. गावकरी त्या बोगद्याकडे बोट दाखवतात आणि त्यांचा राग मला समजतो. जानेवारी 2023 मध्ये आठशेहून अधिक घरांना तडे गेले. औलीच्या वाटेवरचं सुनील गावही त्यात होतं. रोपवेच्या खालच्या टोकाशी, मनोहर बागेत, जमीन फाटली आणि रोपवे थांबवावा लागला. ऐन हंगामात ज्यांची घरं गेली, त्यांतल्या कितीतरी जणांची रोजीरोटी औलीच्या पर्यटकांवर चालायची.

तर जायचंच असेल, तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर आहे, पूर्ण दिवस जातो. तिथून वर रस्त्यानेच जायचं, असं गृहीत धरा. निघण्याच्या आठवड्यात तिथल्या शिकवणाऱ्याला फोन करून बर्फ विचारा, हॉटेलवाल्याला नको. बर्फ नसेल तर सहल रद्द करू नका. तोच माणूस तुम्हाला गोरसनला, कुआरी खिंडीच्या वाटेवर घेऊन जाईल. त्याच्याशी मजुरीची घासाघीस मात्र करू नका, त्याचा हंगाम आधीच निम्मा झालाय.